नावांचा बाजार आणि आपली वही

नाव हा आपल्या समाजासाठी कधीच साधा विषय नव्हता. गावगाड्यात आपल्या आजा-पणज्यांना धड नावही लाभत नव्हते. कचऱ्या, धोंड्या, भिक्या अशा नावांनी हाका मारल्या जात आणि त्या हाकेतच माणसाची जागा सांगितली जाई. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घराघरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा जन्माला आले. पुढे २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. प्रत्यक्षात नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या सोळा वर्षांत वस्त्या जळाल्या, माणसे गेली, कितीतरी तरुणांनी तुरुंग पाहिला. नावाची किंमत काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आज मला लिहायचे आहे ते मात्र वेगळ्या प्रकारच्या नावाबद्दल. या नावाची किंमत खरोखरच रुपयांत आणि डॉलरमध्ये होते, त्याची खरेदी-विक्री होते, दलाली होते आणि लिलावही होतात. इंटरनेटवरच्या वेबसाईटचे जे नाव असते, ज्याच्या शेवटी डॉट कॉम, डॉट इन किंवा डॉट ऑर्ग असे शेपूट असते, त्याला डोमेन नाव म्हणतात. ही नावे आधी घेऊन ठेवायची आणि पुढे गरजवंताला जास्त किमतीत विकायची, असा एक धंदा जगभर चालतो. आपल्या वस्त्यांतील संगणक शिकलेली मुले आता या धंद्याकडे वळू लागली आहेत. म्हणून या विषयाचा दोन्ही बाजूंनी विचार व्हावा, असे मला वाटते.

तीस वर्षांची कमाई

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो असा. आमच्या वस्तीतील एक गृहस्थ महानगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हाती आले. मुलगा संगणकाचा कोर्स केलेला, हुशार, पण कायम नोकरी नाही. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर बापलेक दोघेही माझ्याजवळ येऊन बसले. मुलाच्या हातात दोनशे पानी वही होती आणि त्या वहीत बरोबर दोनशे नावांची यादी होती.

मुलगा म्हणाला, "काका, हजार रुपयांना नाव घ्यायचं आणि लाखाला विकायचं. गाळा नको, माल नको, उधारी नको. पप्पांनी फक्त दोन लाख द्यावेत."

वडील म्हणाले, "भाऊ, तुम्ही बीकॉम झालेले, हिशोबातले माणूस. मला यातलं काही कळत नाही. तीस वर्षं गटारात उतरून मिळवलेला पैसा आहे. तुम्ही हो म्हणाल तर देतो."

असा प्रश्न कोणी विचारला की उत्तर घाईने देऊ नये. मी वही ठेवून घेतली, पंधरा दिवस मागितले आणि या धंद्याची मिळेल तेवढी माहिती जमवली. वाचकांपुढे ठेवतो आहे ती हीच माहिती.

पागडीची खोली

पहिली गोष्ट ही की, डोमेन नावाचा कोणी कायमचा मालक होत नाही. मुंबईच्या चाळींत राहिलेल्यांना हे चटकन समजेल. पागडीची खोली असते, तिची इमारत मालकाची असते. भाडेपावती आपल्या नावाची असते. भाडे भरत राहू तोवर खोली आपली. आणि सोडताना नवा भाडेकरू आपल्याला पागडी देतो, कारण त्याला ती जागा हवी असते. डोमेन नावाचे बरेचसे असेच आहे. डॉट कॉम या शेपटाची सगळी नोंदवही व्हेरिसाईन नावाची अमेरिकन कंपनी सांभाळते. आपल्या देशाच्या डॉट इनची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते. त्यांच्या वतीने नोंदणी करून देणाऱ्या अनेक कंपन्या आहेत, त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. आपण रजिस्ट्रारकडे वर्षाचे पैसे भरतो आणि ते नाव आपल्या नावे लागते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे पैसे भरता येतात. भरणे थांबले की हक्क संपला.

यात 'जो आधी येईल त्याला' हा एकच नियम आहे. जात, गाव, शिक्षण काही विचारले जात नाही. रांगेत पुढे उभा असेल त्याला नाव मिळते. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. रुपयाच्या प्रश्नावर लंडन विद्यापीठाची पदवी पुढे १९२३ साली मिळवणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाला बाजाराचे ज्ञान कमी नव्हते. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद करावा लागला. नावांच्या बाजारात विकणारा कोण आहे हे गिऱ्हाईकाला बहुधा कळतही नाही. म्हणून आपल्या मुलांनी या बाजाराकडे पाहूच नये, असे मी म्हणणार नाही. आपल्याला व्यापारापासून शतकानुशतके दूर ठेवले गेले. आता आपणच मागे सरण्यात शहाणपणा नाही.

मोठ्या आकड्यांची भूल

हा धंदा सुरू कसा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. डॉट कॉमचे पहिले नाव अमेरिकेत १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. ते सिंबॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीचे होते. पुढची दहा वर्षे या नावांना पैसेच पडत नव्हते. कोणीही मागावे आणि घ्यावे. १९९५ च्या सप्टेंबरपासून वर्षाला पन्नास डॉलर आकारणी सुरू झाली. १९९४ साली जोशुआ क्विटनर या अमेरिकन पत्रकाराने मॅकडोनाल्ड्स या प्रचंड खाद्यकंपनीचे नाव तिच्याआधी स्वतःच नोंदवून टाकले, कारण कंपनीला त्याचे महत्त्वच कळले नव्हते. त्याने ते परत दिले, पण एका अटीवर. ब्रुकलिनमधील एका सरकारी शाळेला इंटरनेटसाठी कंपनीने मदत द्यावी, अशी ती अट होती. कंपनीने साडेतीन हजार डॉलर दिले. ही गोष्ट वाचून मला त्या पत्रकाराचे कौतुक वाटले.

पुढे आकडे फुगत गेले. बिझनेस डॉट कॉम हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरला घेतले गेले आणि १९९९ साली पंच्याहत्तर लाख डॉलरला विकले गेले. २०१९ साली व्हॉइस डॉट कॉम हे नाव तीन कोटी डॉलरला विकले गेले. आपल्या त्या मुलाच्या वहीच्या पहिल्याच पानावर हे आकडे लाल शाईने लिहिलेले होते.

आकडे खरे आहेत. पण लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो पेपरात येतो, न लागलेल्या लाखोंचा येत नाही. आज एकट्या डॉट कॉमची पंधरा कोटींहून जास्त नावे नोंदलेली आहेत. इंग्रजीतील सोपे, छोटे, रोजच्या वापरातले शब्द पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच लोकांनी घेऊन ठेवले. जे उरले त्यातून निवड करायची म्हणजे बाजार उठल्यावर भाजी निवडण्यासारखे आहे. चांगली जुडी मिळतच नाही असे नाही, पण नजर लागते आणि वेळही लागतो.

वहीतला हिशोब

मग मी त्या मुलाला माझ्यासमोर बसवले आणि म्हटले, "बाळा, स्वप्न तू लिहिलेस, आता खर्च आपण दोघे लिहू."

एका नावाचा वर्षाचा खर्च सरासरी हजार रुपये धरला. रजिस्ट्रार पहिल्या वर्षी कधी कधी शे-दोनशेतही नाव देतात, पण दुसऱ्या वर्षापासून पूर्ण दर लागतो, हे बारीक अक्षरात लिहिलेले असते. दोनशे नावांचे वर्षाला दोन लाख झाले. वडिलांचे सगळे दोन लाख पहिल्याच वर्षी संपले. दुसऱ्या वर्षी पुन्हा जवळजवळ दोन लाख लागणार, नाहीतर नावे हातची जाणार. घरात ठेवलेला माल पडून राहतो, कुजत नाही. नाव मात्र दरवर्षी भाडे मागते.

आता जमा बाजू. शंभर नावांत वर्षाला एक विकले जाईल असे धरले. दोनशेत दोन झाली. प्रत्येकाला पन्नास हजार मिळाले असे उदारपणे धरले, म्हणजे एक लाख. विक्रीच्या बाजारपेठा दलाली घेतात. ती वीस टक्के धरली. हाती आले ऐंशी हजार. तीन वर्षांत विकलेली नावे वजा करत जाऊन खर्च होतो पाच लाख चौऱ्याण्णव हजार. जमा होते दोन लाख चाळीस हजार. तूट राहते तीन लाख चोपन्न हजार रुपयांची. उरलेली १९४ नावे शिल्लक माल म्हणून दाखवता येतील, पण गिऱ्हाईक येईपर्यंत त्यांची किंमत शून्यच धरली पाहिजे. हिशोबशास्त्रात सावधगिरीचा नियम आहे, नफा हातात आल्यावर लिहावा आणि तोटा दिसताच लिहावा.

मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, पण एखादं नाव पाच लाखाला गेलं तर?"

मी म्हटले, "जाऊ शकेल. पण त्या 'तर'साठी तुझ्या पप्पांची ग्रॅच्युइटी लावायची का, एवढाच प्रश्न आहे."

यादीचे चार भाग

हिशोबानंतर आम्ही यादी घेतली आणि दोनशे नावांचे चार भाग पाडले. मला वाटते, हा धंदा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने असे भाग पाडावेत.

पहिला भाग होता नामांकित कंपन्यांच्या नावांचा, अक्षर इकडचे तिकडे करून घेतलेल्या. ही सरळसरळ कायद्याची अडचण आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९९ सालीच असे प्रकरण आले होते. रेडिफ या कंपनीच्या नावात एका अक्षराचा फरक करून दुसऱ्यांनी नाव घेतले होते. न्यायालयाने ते वापरण्यास मनाई केली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने याहूच्या बाबतीत तसाच निर्णय दिला. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते. जगभरच्या डॉट कॉम नावांसाठी १९९९ पासून तंटा सोडवण्याची एक पद्धत लागू आहे, आणि डॉट इनसाठी आपल्याकडे २००५ पासून स्वतंत्र लवाद आहे. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावासारखे नाव, स्वतःचा त्यावर काही हक्क नसताना, त्यालाच विकण्याच्या हेतूने घेतले असे सिद्ध झाले की ते काढून घेतले जाते. भरपाई एक पैसाही मिळत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात गाजलेली गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. दिल्लीच्या एका संगणक तरुणाने, जिओ आणि हॉटस्टार यांचे एकत्रीकरण होईल असा अंदाज बांधून, दोन्ही नावे जोडलेले डोमेन २०२३ मध्ये घेऊन ठेवले होते. अंदाज अचूक ठरला. त्याने कंपनीकडे केंब्रिज विद्यापीठातील शिक्षणाचा खर्च मागितला. कंपनीने नकार दिला. त्यानंतर ते नाव दुबईतल्या दोन भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला विनामूल्य देऊ केले. शिक्षणाची भूक आपल्याला समजते, त्या मुलाबद्दल कळवळाही वाटतो. पण दुसऱ्याच्या नावावर बांधलेला इमला असाच कोसळतो.

दुसरा भाग पाहून मला वाईट वाटले. त्यात बाबासाहेबांचे नाव होते, माता रमाईंचे होते, दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीची नावे निरनिराळ्या स्पेलिंगने होती. मुलाचा हेतू वाईट नव्हता. तो म्हणाला, "आपल्याच संस्थांना ही नावं लागणार ना, काका? दुसऱ्याकडं जाण्यापेक्षा आपल्याकडं असलेली बरी."

मी विचारले, "संस्थेने मागितले तर फुकट देशील की किंमत सांगशील?" तो गप्प झाला.

इथे मला जेतवनाची गोष्ट आठवली, ती त्याला सांगितली. अनाथपिंडिकाला भगवान बुद्ध आणि भिक्खुसंघासाठी श्रावस्तीजवळ जागा हवी होती. जेत राजकुमाराचे उद्यान त्याला पसंत पडले. विकायचे मनात नसल्याने राजकुमार म्हणाला, नाण्यांनी जमीन झाकलीत तरी मिळणार नाही. अनाथपिंडिकाने तोच सौदा धरला. वाद न्यायाधिकाऱ्यांकडे गेला आणि निर्णय लागला की, किंमत तोंडून निघाली तेव्हा सौदा झाला. गाड्या भरभरून नाणी आली आणि जमिनीवर अंथरली गेली. थोडीशी जागा झाकायची उरली तेव्हा राजकुमाराने ती स्वतः दान दिली. या गोष्टीत खरेदी आहे, विक्री आहे, किंमतही आहे. पण जागा विकणाऱ्याची स्वतःची होती, घेणाऱ्याने पुरे मोल दिले, आणि शेवटी विकणाऱ्यालाही आपल्या हातून काही द्यावेसे वाटले. धम्म व्यापाराच्या विरोधात नाही. भगवंतांनी उपासकाला निषिद्ध सांगितलेले व्यापार पाचच आहेत: शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. नावांचा व्यापार त्यात नाही. पण पंचशीलातले दुसरे शील, न दिलेले न घेण्याचे, ते प्रत्येक व्यापाराला लागू आहे. बाबासाहेबांचे नाव साऱ्या समाजाचे आहे. ते अडवून ठेवून समाजाकडूनच पैसे मागणे हे न दिलेले घेण्यासारखेच आहे. मुलाने तो भाग स्वतःच्या हाताने खोडला.

तिसरा भाग होता नुसत्या भरतीचा. लांबलचक, जोडशब्दांची, कोणालाच नको असलेली नावे. तोही गेला.

चौथ्या भागात सव्वीस नावे उरली. साधे शब्द, धंद्यांचे शब्द, गावांच्या नावाला जोडलेले व्यवसाय, मंडप-डेकोरेशन, शिकवणी, घरगुती मसाले. यात काही चूक नाही. कोणाचे व्यापारचिन्ह नाही, कोणाची अडवणूक नाही. जागा आधी ओळखली, भाडे भरून सांभाळली आणि ज्याला उपयोगी आहे त्याला वाजवी मोलाने दिली, हा सरळ व्यापार आहे. देवनागरीतही नाव घेता येते. डॉट भारत हे शेपूट २७ ऑगस्ट २०१४ पासून सुरू झाले आणि त्यात मराठीचाही समावेश आहे. वापर अजून थोडा आहे, म्हणून त्यात पैसा अडकवताना जपून राहावे.

शेवटी त्या घराने काय केले, तेही सांगतो. वडिलांचे दोन लाख ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत पोस्टात गेले. मुलाने शिकवणीच्या स्वतःच्या कमाईतून दहा नावे घेतली. नुसते विकत बसण्याऐवजी वस्तीतल्या एका मंडपवाल्याला नाव आणि साधी वेबसाईट दोन्ही करून दिली आणि त्याचे पाच हजार घेतले. उरलेल्या नऊ नावांपैकी अजून एकही विकले गेलेले नाही. पण त्याची वही आता दोन्ही बाजूंनी लिहिलेली असते, खर्चाच्या आणि जमेच्या. नफा झाला तर तो उत्पन्नात धरून आयकराच्या विवरणपत्रात दाखवायचा, हेही त्याला सांगून ठेवले आहे.

ठकांपासून जपा

या बाजारात ठकही भरपूर आहेत. एक ठरलेली युक्ती अशी. तुमच्या नावाला लाखो रुपये देतो अशी ई-मेल येते. तुम्ही हुरळून जाता. मग गिऱ्हाईक म्हणते, आधी अमुक ठिकाणाहून नावाच्या किमतीचा दाखला आणा. त्या दाखल्याची फी तुम्ही भरता आणि गिऱ्हाईक नाहीसे होते, कारण दाखला देणारा आणि गिऱ्हाईक एकच असतात. दुसरी युक्ती, नूतनीकरणाची खोटी बिले पाठवण्याची. खरा व्यवहार करताना पैसे मध्यस्थ संस्थेकडे ठेवायची पद्धत आहे. नाव पोचल्याशिवाय विकणाऱ्याला पैसे नाहीत आणि पैसे जमा झाल्याशिवाय घेणाऱ्याला नाव नाही. मोठ्या सौद्यात हीच पद्धत धरावी.

ज्यांना हा धंदा करायचा नाही, त्यांनीही एक गोष्ट शिकून घ्यावी. वेबसाईटचे नाव शेवटाकडून वाचावे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असेल तर पत्त्यातील नावाचा शेवट डॉट गव्ह डॉट इन असा आहे ना, ते पाहावे. हे शेपूट फक्त सरकारी संस्थांना मिळते, बाजारात कोणालाही विकत मिळत नाही. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने आता डॉट बँक डॉट इन हे वेगळे शेपूट ठरवले असून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी त्यावर यावे, असा आदेश दिला होता. सुरुवातीला सरकारचे किंवा बँकेचे नाव आणि शेवटी भलतेच काही, असे दिसले तर तिथे आधार क्रमांक आणि ओटीपी मुळीच देऊ नये. आया-बहिणींनी हे जरूर लक्षात ठेवावे, कारण बहुतेक घरांत आता फोन त्यांच्याच हाती असतो.

आपली नावे कोण राखणार?

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोठा मुद्दा. दुसऱ्यांची नावे विकण्याआधी आपल्या संस्थांची नावे आपल्या हाती आहेत का?

आमच्या भागातील एका अभ्यासिकेची वेबसाईट होती. एका कार्यकर्त्याने हौसेने आणि मेहनतीने केलेली. नाव त्याने आपल्याच ई-मेलवर, आपल्याच फोनवर नोंदवले होते. तो नोकरीसाठी आखातात गेला. जुना फोन बंद झाला, ई-मेल कोणी पाहीना. नूतनीकरणाच्या सूचना तिथेच पडून राहिल्या. मुदत संपल्यावरही डॉट कॉमचे नाव लगेच जात नाही. रजिस्ट्रारकडे पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत असू शकते, नंतर तीस दिवस जादा दंड भरून सोडवता येते, आणि शेवटच्या पाच दिवसांनंतर ते सर्वांना खुले होते. या सगळ्या मुदती कोणाच्याही ध्यानी न येता टळल्या. काही महिन्यांनी एका मुलीने अभ्यासिकेच्या वेळा पाहायला फोनवर ते नाव उघडले, तर समोर जुगाराची जाहिरात आली. जिथे संविधानाची उद्देशिका आणि स्पर्धा परीक्षांची टिपणे होती, तिथे जुगार. नाव परत मागितले तेव्हा नव्या धारकाने दीड हजार डॉलर सांगितले. वर्षाचे भाडे होते हजार रुपये. देणगीतून आलेला पैसा असल्या सौद्यात घालणे कोणालाच पटले नाही. अभ्यासिकेने नवे नाव घेतले. पण छापलेली पत्रके, फलक, जुन्या विद्यार्थ्यांच्या लक्षात राहिलेला पत्ता, हे सगळे वाया गेले.

मोठ्या जगातही हेच घडते. डॉट ऑर्ग हे शेपूट जगभरच्या सेवाभावी संस्था वापरतात. २०१९ साली त्याची सगळी नोंदवहीच एका खासगी गुंतवणूक कंपनीला शंभर कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकण्याचे ठरले. जगभरच्या संस्थांनी विरोध केला, पत्रे लिहिली, निदर्शने केली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅन या नियामक संस्थेने त्या विक्रीला परवानगी नाकारली. लोक जागे होते म्हणून ते वाचले. उलट अँग्विला या कॅरिबियन समुद्रातील छोट्या बेटाची गोष्ट पाहा. लोकसंख्या सुमारे सोळा हजार. देशांच्या यादीत त्याच्या वाट्याला डॉट एआय ही दोन अक्षरे आली. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेला इंग्रजीत तीच दोन अक्षरे आली आणि जगभरच्या कंपन्या ते शेपूट मागू लागल्या. २०२३ साली त्या बेटाच्या सरकारला त्यातून सुमारे तीन कोटी वीस लाख डॉलर मिळाले, सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. त्यांनी आपले नाव आपल्या हाती ठेवले आणि दरवर्षी त्याचे भाडे घेतले.

म्हणून आपल्या विहार समित्या, महिला मंडळे, अभ्यासिका, पतसंस्था आणि जयंती मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे:

१. नाव व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे नोंदवा. ई-मेलही संस्थेचा असावा आणि पदाधिकारी बदलले की तो कागदपत्रांबरोबर नव्या समितीकडे जावा.

२. परवडत असेल तर पाच वर्षांचे पैसे एकदम भरा आणि मुदतीची तारीख हिशोबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

३. नावाचे पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडे असावेत.

४. वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर 'आपले नाव कोणाकडे आहे आणि कधीपर्यंत आहे' हा विषय घ्या.

५. एखाद्या तरुणाने संस्थेचे नाव आधीच सांभाळून ठेवले असेल तर त्याचा झालेला खर्च त्याला द्या आणि सभेत जाहीर सत्कार करा. त्यानेही खर्चापेक्षा जास्त मागू नये.

आपल्या आजोबांच्या नावे जमीन नव्हती. वतनाच्या जमिनीही राबणुकीच्या बदल्यात होत्या आणि १९५८ च्या कायद्याने ती वतने संपली. ही नवी जमीन मातीची नाही, पण तिच्यावरही घर बांधता येते, शाळा काढता येते, दुकान थाटता येते. मुलांनी या बाजारात जरूर उतरावे, पण हिशोबाची वही आणि पंचशील दोन्ही बरोबर घेऊन, आणि आई-बापाची कमाई घरी सुरक्षित ठेवून. आणि येत्या रविवारी विहारात जाल तेव्हा समितीच्या सचिवांना एवढेच विचारा की, आपल्या विहाराचे नाव कोणाच्या नावे आहे?

जयभीम!